दोन गुरुवार

१९३९ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आभाराचा सण, म्हणजे थँक्सगिव्हिंग, एक आठवडा अलीकडे ओढला. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार फार उशिरा येतो, नाताळच्या खरेदीला दिवस उरत नाहीत, अशी दुकानदारांची तक्रार होती. निम्म्या राज्यांनी मान डोलावली, निम्म्यांनी नाक मुरडलं. न्यूयॉर्कने तेवीस तारीख धरली आणि शेजारच्या कनेटिकटने तीस. देव एकच, पण त्याचे आभार मानायला आता दोन गुरुवार झाले, आणि दोन्हीकडची मंडळी दातओठ खात आभाराच्या तयारीला लागली.

कनेटिकटमधल्या एल्डर्स हिल गावात या लढाईच्या सेनापती होत्या लविनिया स्टॉडर्ड. वय पासष्ट, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. बाईंचे पूर्वज म्हणे इंग्लंडहून आलेल्या पहिल्याच जहाजातून उतरले होते, आणि हे त्यांनी पोस्टमनलाही ऐकवून सोडलं होतं. चर्चच्या साऱ्या बायकांकडून त्यांनी शपथ वदवून घेतली, की तेवीस तारखेला गावात एकाही घरी सणाची टर्की भाजली जाणार नाही. त्या पूर्वजांच्या ज्या मेजवानीवरून हा सण आला, ती बहुधा नोव्हेंबरात झालीच नव्हती, असं पाद्रीबुवा एकदा चाचरत बोलून गेले. पुढचे दोन रविवार त्यांना चहाबरोबर केक मिळाला नाही.

अशात न्यूयॉर्कहून मुलीचं, डेलियाचं पत्र आलं. जावई ऑरिन तिथल्या एका मोठ्या दुकानात कामाला; त्याला सुट्टी फक्त तेविसाची. बाळ चार महिन्यांचं झालं होतं आणि आजीने ते अजून पाहिलं नव्हतं. पत्र वाचून बाईंचे डोळे भरून आले. मग त्यांनी ते पुसले आणि उत्तर लिहिलं, 'तिसाला या. देवाचा दिवस दुकानदार ठरवत नाहीत.' पत्र पेटीत टाकल्यावर त्यांनी बोटं आत घालून पाहिली, पण फट अरुंद होती.

तेविसाला दुपारी दार वाजलं. दारात डेलिया, कडेवर बाळ, मागे टोपी हातात धरून ऑरिन. समोरच्या घरातला पडदा हलला.

"तुम्हाला तिसाला बोलावलं होतं," लविनियाबाई म्हणाल्या. त्यांची नजर मात्र बाळावरून हलेना.

"आई, आपले पूर्वज इथे उतरले ते कोणाच्या बोलावण्यावरून?" डेलिया म्हणाली. "इथल्या मूळच्या माणसांनी त्यांना मका दिला, तो काय आधी कॅलेंडर बघून?"

बाई दारातून बाजूला झाल्या. "सण नाही हा," त्या शेवटी म्हणाल्या. "नुसतं जेवण आहे. घेवडा शिजलाय."

"घेवडा तर घेवडा. बाळाला धर, माझा हात भरून आलाय."

काकवी घातलेला घेवडा आणि कालचा पाव, यावर चौघांचं जेवण झालं. चौथ्याला दात नव्हते. ऑरिनने जेवणाआधी आभाराची प्रार्थना सुरू केली, तर बाईंनी त्याला तिथेच थांबवलं. आज नाही, म्हणाल्या. तत्त्व म्हणजे तत्त्व. पण संध्याकाळच्या गाडीपर्यंत त्यांनी बाळ खाली ठेवलं नाही, आणि बाळाने आजीचं बोट सोडलं नाही.

तिसाला एल्डर्स हिलने विजय साजरा केला. चर्चची घंटा वाजली, पाद्रीबुवांनी निष्ठेवर प्रवचन दिलं, बायकांनी लविनियाबाईंचे हात हातात घेऊन अभिनंदन केलं. घरी येऊन त्यांनी भाजलेली टर्की टेबलावर ठेवली, चांदीचे काटेचमचे मांडले आणि एकट्याच बसल्या. घर इतकं सुनं त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं. हात जोडून त्यांनी रीतसर आभार मानायला सुरुवात केली. वर्षभरात मिळालेलं एकेक आठवू लागल्या, तर जे जे मनापासून आभार मानण्याजोगं होतं, ते सगळं चुकीच्या गुरुवारी घडलं होतं.