पाच नंबरच्या पडद्याबाहेरच्या चपला

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एवढं मनात आणा. दूरदेशीच्या सुंबिंग डोंगराच्या उतारावरचं गाव. अंगणाअंगणांत बांबूच्या तट्ट्यांवर कापलेली तंबाखू वाळतेय, आणि गोंदोच्या ओसरीवर पन्नास माणसं श्वास रोखून बसली आहेत. गोंदोला सगळे म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणतात. त्याच्यापुढे पितळी वाडगं, त्यात पाणी आणि सात फुलं. म्हातारा वाडग्यात डोकावतो, भुवया वर नेतो आणि म्हणतो, "जुमीनेम, तुला शिलाई मशीन हवंय. निळं."

"अगंबाई, मी नवऱ्यालासुद्धा बोलले नव्हते," जुमीनेम पुटपुटते.

"नवऱ्याला कळत नाही ते पाण्याला कळतं. सात झऱ्यांचं पाणी आहे हे."

झरे सात असतील. गोंदोच्या मोरीत नळ मात्र एकच होता.

त्या गर्दीत मागे, डोक्यावरून ओढणी पुढे ओढून, लास्त्री बसायची. ती गावच्या शाळेत पाचवीला विज्ञान शिकवायची. म्हणूनच मागे बसायची. तीन महिन्यांपूर्वी गोंदोने तिच्या कानात सांगितलं होतं, "डाव्या काखेत गाठ आहे. डॉक्टरकडे जाऊ नका, चिघळेल." गाठ खरंच होती, आणि तिने ती कुणालाच सांगितली नव्हती. तेव्हापासून दर गुरुवारी ती वाडग्यातल्या पाण्याची बाटली घरी नेत होती. तेव्हा गाठ चिंचोक्याएवढी होती. आता जांभळाएवढी झाली होती.

ती बाटली एक दिवस वेनिंगच्या हाती लागली. वेनिंग बारा वर्षांची, लास्त्रीच्या बहिणीची मुलगी. शिकायला मावशीकडे राहायची आणि तिला बुलिक म्हणायची.

"बुलिक, यात काय आहे?"

"औषध."

"औषधात पाकळी कशी?"

वेनिंगने बाटली खाली ठेवली नाही. शेवटी लास्त्रीने सगळं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

"त्यांना कळलं कसं पण?" वेनिंग म्हणाली. "वर्गात तूच म्हणतेस ना, आधी 'कसं' विचारायचं."

लास्त्रीचे कान तापले. "मी कुणाला बोललेच नव्हते. पुर्नोमोच्या सायबर कॅफेत फक्त चित्रं पाहिली, डाव्या काखेतली गाठ कशी दिसते त्याची. आणि उठताना पाहिलेल्या पानांची यादी पुसून टाकली."

"यादी पुसलीस. चित्रं पुसलीस का?"

"म्हणजे?"

"परवा पावसात नेट बंद पडलं होतं. तरी मी आदल्या दिवशी पाहिलेली शहामृगं दिसली. तार बंद, मग आली कुठून? मी यंत्रातच शोधलं. आपण चित्र पाहिलं की त्याची एक प्रत यंत्र आपल्याजवळ ठेवतं. पुन्हा मागितलं तर लांबून आणायला नको, पटकन देता येतं. वर तारीख आणि वेळही असते. पान बंद केलं तरी प्रत राहते, यादी पुसली तरी राहते. ती वेगळी पुसावी लागते. नाहीतर जागा भरेपर्यंत पडून असते."

"पण ती माझीच, हे कुणाला कळणार?"

वेनिंगने दाराकडे बोट केलं. तिथे लास्त्रीच्या तांबड्या, पितळी बकलाच्या चपला होत्या. कॅफेत प्रत्येक यंत्रापुढे पडदा असे. चपला पडद्याबाहेर काढायच्या आणि आत चटईवर मांडी घालून बसायचं, अशी तिथली रीत. "अशा चपला गावात आणखी कुणाच्या आहेत? आणि पुर्नोमो कुणाचा पुतण्या?"

पुतण्या तो गोंदोचाच होता.

दुसऱ्या दिवशी वेनिंग त्या चपला फटक् फटक् ओढत कॅफेत गेली. पुर्नोमो मागे शेवया उकळत होता. तिने चपला पाच नंबरच्या पडद्याबाहेर नीट ठेवल्या, आत अर्धा तास शहामृगं पाहिली, यादी पुसली आणि गुपचूप निघून आली.

गुरुवारी गोंदोने वाडग्यात पाहिलं आणि डोळे विस्फारले.

"बाई, तुमच्यामागे मोठा पक्षी लागलाय. लांब मान, उघड्या तंगड्या. शहामृग. तोच तुमचं दुखणं वाढवतोय. आणखी सात गुरुवार पाणी घ्यावं लागेल."

लोक हळहळले. लास्त्री उठली. समोर बसलेल्या निम्म्या बायकांची मुलं तिच्या वर्गात होती.

"मी शहामृग पाहिलेलंच नाही," ती म्हणाली. "ती वेनिंगने पाहिली. माझ्या चपला बाहेर ठेवून."

"पाणी कसं चुकेल, बाई?" कुणीतरी म्हणालं.

"पाणी नाही चुकलं. चपला बघणारा चुकला." मग तिने यंत्रातल्या प्रतींचं सगळं सांगितलं, वर्गात सांगते तसं, एकेक पायरी करत. ओसरीच्या कोपऱ्यात बसलेल्या पुर्नोमोची मान खाली गेली. गोंदो फुलं सारखी करू लागला. जुमीनेमने ओसरीखाली पडलेल्या स्वतःच्या हिरव्या चपलांकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिली.

"मी तिथे गाठीची चित्रं पाहिली होती," लास्त्री म्हणाली. हे तिला चारचौघांत बोलायचं नव्हतं. "माझ्या काखेत गाठ आहे. तिची लाज वाटून मी लपवली. ती लाज फुकटची होती. खरी लाज या तीन महिन्यांची आहे. तुमच्या मुलांना मी 'कसं' विचारायला शिकवते आणि स्वतः मात्र विचारलं नाही. कुणी तुमचं गुपित सांगितलं तर पाया पडण्याआधी विचारा, याला हे कुठून कळलं असेल? आणि दुखणं असेल तर डॉक्टरला दाखवा. आजच."

लास्त्री ओसरीच्या पायरीवर बसली, तोंड ओढणीत घेऊन. उठून घरी जाण्याचंही बळ तिच्यात उरलं नव्हतं.

वेनिंग खाली उतरली. चपलांच्या ढिगातून तिने तांबडा जोड शोधला, बकलांवरची धूळ फ्रॉकला पुसली आणि मावशीच्या पायांपुढे मांडला. घराकडे नाही, दवाखान्याच्या रस्त्याकडे तोंड करून.