लाल ठिपक्याच्या नळ्या

मी एक जुना फ्रिज आहे. घरातला नव्हे, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला. मित्रांनो, माझ्या पोटात दूधदही नसतं, आजारी माणसांच्या रक्ताच्या नळ्या असतात. आज मी स्वतःचं कौतुक सांगायला बसलेलो नाही. मला राग आलाय.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! पांढराशुभ्र रंग, दाराला कुलूप. साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी घेऊन येत. आता दाराचं रबर चिकटपट्टीनं जोडलंय. दारावरच्या कागदावर रोज दोनदा माझं तापमान बघून लिहायचं असतं. कुणी बघेल तर शपथ! महिन्याच्या एक तारखेलाच सगळ्या चौकटींत 'चार' लिहून मोकळे होतात. माझी खरी विचारपूस करायची ती एकटी मावशी. फरशी पुसता पुसता ती माझ्या दारावरूनही फडकं फिरवायची आणि म्हणायची, "दमलास का रे?"

इथली आणखी एक रीत सांगतो. ताप आलेल्या माणसाच्या रक्तात डासांमुळे होणारे आजार शोधतात. फॉर्मवर डेंग्यू, चिकुनगुन्या अशा चौकटी असतात. पण पहिला आजार सापडला की साहेब नळीच्या झाकणावर लाल ठिपका देतात. ठिपका म्हणजे काम संपलं. उरलेल्या चौकटींत आडवी रेघ, आणि नळी माझ्या खालच्या कप्प्यात. एकाच माणसाला दोन्ही आजार एकदम होऊ शकतात, हे साहेबांना ठाऊक नाही असं नाही. नुसता कंटाळा!

मग मावशीलाच ताप आला. पाचव्या दिवशी तिचं रक्त तपासलं. चिकुनगुन्या निघाला. लाल ठिपका बसला आणि तिची नळी माझ्याकडे आली. तिचे सांधे इतके धरले होते की तिला स्वतःची वेणी घालता येईना. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी जोरदार वेदनाशामक गोळ्या दिल्या. डेंग्यू असेल तर अशा गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून त्या टाळतात. पण डेंग्यूच्या चौकटीत आडवी रेघ होती. 'तपासलं नाही' अशी ती रेघ डॉक्टरांनी 'आजार नाही' अशी वाचली.

तीन दिवसांनी मावशीची मुलगी धावत खिडकीशी आली. "ताई, आईच्या हिरड्यांतून रक्त येतंय हो! थांबतच नाहीये!"

ताई म्हणजे इथली तंत्रज्ञ. तिनं तडक माझं दार उघडलं आणि मावशीची नळी बाहेर काढली.

"अगं, ती झालीये ना? ठिपका दिसत नाही का?" साहेब खेकसले.

"दिसतोय, साहेब. तरी करते."

अर्ध्या तासात त्याच रक्तात डेंग्यूही सापडला. मित्रांनो, उत्तर पहिल्या दिवसापासून त्या नळीतच होतं! फाटक्या रबरानिशी मी ते तीन दिवस जपलं होतं, आणि कुणाला ते बघायची गरज वाटली नव्हती. मला तोंड असतं तर मी ओरडून इमारत डोक्यावर घेतली असती.

गोळ्या बंद झाल्या. मावशीला दवाखान्यात दाखल केलं. ती वाचली, पण थोडक्यात.

दीड महिन्यानं ती कामावर आली. बोटं अजून आखडलेली होती, फडकं नीट पिळता येत नव्हतं. साहेब म्हणाले, "मावशी, आपल्याकडून सगळं नियमाप्रमाणेच झालं होतं हं."

"साहेब, डास काय फॉर्म वाचून चावतो का?"

साहेब हसले. हसता हसता त्यांनी पुढच्या नळीवर लाल ठिपका दिला.

मित्रांनो, मला नवा रंग नको, नवं रबरही नको. तुमच्या घरात कुणाला ताप आला, तर रिपोर्टातल्या आडव्या रेघेवर बोट ठेवा आणि विचारा, "हे तपासलंय का?" माझ्या खालच्या कप्प्यात आत्ता एक्केचाळीस नळ्या आहेत. प्रत्येकीवर लाल ठिपका आहे. दर शनिवारी तो कप्पा रिकामा करून नळ्या नष्ट करतात.

आज शुक्रवार आहे.