गवतावरची पिशवी

भाचा संग्रहालयात जुन्या विमानांची ओळख पटवायचा. हुशार, पण जिभेला हाड नाही. मामा ज्या बिनइंजिनाच्या ग्लायडरसकट कोसळून गेला, ते कुठल्या बनावटीचं होतं, हे दप्तरं पालथी घालूनही कळत नव्हतं. त्या शेवटच्या उड्डाणाआधीचा तेवढा एक फोटो होता.

"सापडलं, मामी!" तो भिंग नाचवत म्हणाला. "गवतावर वाळूची पिशवी दिसते ना? उडवणारा हडकुळा असला की ती सीटखाली ठेवायची, नाहीतर तोल जाऊन आपटलंच. असले नखरे एकाच कारखान्याचे!"

बोलून गेल्यावर त्याला फोटोतले मामाचे काटकुळे दंड दिसले. त्याने जीभ चावली.

मामीने भिंग मागून घेतलं.

"फोटो मीच काढला होता," ती म्हणाली. "मळकी पिशवी फोटोत नको म्हणून मीच ती बाहेर काढायला लावली. तरी मेली आलीच फोटोत."