कुणाची भीती धरायची

चिठ्ठीत माझं नाव निघालं तेव्हा नवरा पोट धरून हसला. "तू? शर्टावरचा डाग चहाचा की गंजाचा, यावरून तू गिऱ्हाइकाशी तासभर भांडतेस. आता दहशतवाद कुठला नि साधा खून कुठला, हे तू ठरवणार?" मी म्हटलं, डाग ओळखता येतो म्हणूनच निघालं असेल नाव.

आमच्या शहरात स्टेशनसमोर एक दगडी भिंत आहे. दहशतवादात जीव गेलेल्यांची नावं तिच्यावर कोरतात. नवं नाव कोरायचं की नाही, हे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडलेली तीन साधी माणसं ठरवतात. यंदा मी लॉन्ड्रीवाली, एक निवृत्त मास्तर आणि एक वकीलबाई. नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर आम्हाला खोली मिळाली. पंखा कुरकुरत होता, तिन्ही खुर्च्या वेगवेगळ्या उंचीच्या होत्या आणि सगळ्यांत उंच मास्तरांनी आल्याआल्या पटकावली.

अर्ज एकच होता. मोबाईलच्या मनोऱ्यावर चढून दुरुस्ती करणारा एक माणूस मेला होता आणि त्याच्या बायकोने त्याचं नाव भिंतीवर मागितलं होतं. मनोऱ्यांतून निघणाऱ्या लहरींनी माणसाचं डोकं गुलाम होतं, असं मानणारी मंडळी आमच्याकडे बरीच आहेत. त्यांतल्या एकाने पहाटे मनोऱ्याखालच्या केबिनला आग लावली. वर माणूस आहे हे ठाऊकच नव्हतं, असं तो कोर्टात शपथेवर सांगतो. पण पळण्याआधी त्याने कुंपणावर रंगवलं होतं: 'एक पाडला. बाकीचे सांभाळा.'

"आग मुद्दाम लावली, माणूस मुद्दाम मारला नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"मग हो की नाही?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाहीये."

वकिलालाच कळत नसेल तर माझ्यासारखीने काय करायचं? मास्तर म्हणाले, धमकी लिहिली म्हणजे दहशतवादच. वकीलबाई म्हणाल्या, धमक्या तर भाडेकरूही घरमालकाला देतात. मास्तर म्हणाले, त्याच्या डोक्यात एक मत होतं. वकीलबाई म्हणाल्या, डोक्यात मत असणं गुन्हा नाही. दोघांचंही मला पटत होतं, आणि दोघांचाही राग येत होता.

शेवटी गाडी येऊन थांबली ती नियमातल्या 'दहशत' या शब्दावर. लोक घाबरले असतील तरच दहशतवाद. आणि लोक घाबरले का, हे ठरवायची आमची जुनी रीत आहे. तिघांनी आपापल्या गल्लीत घरोघर जायचं आणि विचारायचं, "तुम्ही घाबरलात का?"

मी गेले. पहिल्याच दारात बाई हसल्या. "घाबरायचं काय त्यात? फोन बंद होते तेवढे दिवस सासूबाईंचा एक फोन नाही. जिवाला शांतता." पुढच्या घरी म्हणाले, वाईट झालं बिचाऱ्याचं, पण तो मनोरा तसाही डोळ्यांत खुपायचाच. माझा नवरा म्हणाला, "मला विचारशील तर मी त्या दिवसांत पहिल्यांदा सलग झोपलो." खोटं कशाला बोलू, मलाही ते दिवस बरेच गेले होते. वकीलबाईंच्या नि मास्तरांच्या गल्लीतूनही तेच उत्तर आलं. कुणीच घाबरलं नव्हतं. म्हणजे नाव नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याचीच लाजही वाटली.

त्याच आठवड्यात मनोऱ्यांच्या कामगारांचा फोरमन जॅकेटांचं गाठोडं घेऊन दुकानात आला. जुनं गिऱ्हाईक. धुवायला टाकली आणि म्हणाला, "ताई, पाठीवरचं कंपनीचं नाव तेवढं उसवून द्या."

"का हो? चांगलं चमकतंय की."

"चमकतं म्हणूनच. रस्त्यात कुणी ओळखायला नको. आता एकजण वर चढला की दुसरा खाली सळई घेऊन उभा राहतो. दोघांनी तर काम सोडलं. एकाची बायको त्याला डबाच देत नाही, म्हणते जायचंच नाही."

मी जॅकेट खाली ठेवलं. "मग आम्ही विचारत फिरत होतो तेव्हा सांगितलं का नाही?"

"कुणाला? आम्ही तुमच्या गल्लीत कुठे राहतो?"

दुसऱ्या दिवशी मी तरातरा जिना चढले आणि बसण्याआधीच बोलायला सुरुवात केली. आपण काय भीती मोजली? ज्यांच्या अंगाला झळ लागणार नव्हती, त्यांना विचारून आलो, भाजलं का म्हणून! ज्यांना घाबरवायचं होतं, ते घाबरले. त्याने ठरवलेलं काम फत्ते झालं. याला दहशतवाद म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? वकीलबाईंनी मान डोलावली. मला वाटलं, जिंकले.

मास्तरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मग गेल्या वर्षीचा गॅरेजवाला?"

मला एकदम कानफटात बसल्यासारखं झालं. पुलापलीकडच्या वस्तीत बाहेरून आलेले लोक राहतात. 'शहर आमचं, चालते व्हा' असं ओरडत एक जमाव तिथे गेला होता आणि त्यात एका गॅरेजवाल्याचा जीव गेला. त्याच्या आईनेही अर्ज केला होता. गेल्या वर्षीच्या तिघांनी आपापल्या गल्लीत विचारलं, कुणी घाबरलं नव्हतं. हाणामारी, असं म्हणून अर्ज परत गेला.

"तो विषय वेगळा आहे," मी म्हटलं.

"कसा?"

मला ती माणसं आवडत नाहीत, एवढंच खरं होतं. त्यांचा गोंगाट आवडत नाही, बाजाराला आले की माझ्या दारासमोर गाड्या लावतात ते आवडत नाही. जमाव गेला त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं, बरं झालं, जरा जरब बसेल. जरब! नेमकं तेच मी म्हटलं होतं. आणि आता फोरमनच्या जॅकेटांवरून मी टेबल बडवत होते.

डोक्याचा नुसता भुगा झाला. हा धरला तर तो धरावा लागतो. तो धरायचा नाही, तर हा कुठल्या तोंडाने धरू? शेवटी दात आवळून मी म्हटलं, "दोन्ही घ्या. जुना अर्ज पुन्हा उघडा." वकीलबाईंनी जुनी फाईल मागवली. मास्तर फक्त "बरं" म्हणाले.

विधवेला सांगायचं काम मी मागून घेतलं. आनंदाची बातमी आपण द्यावी, असा माझा स्वार्थ. तिने दारातच माझे हात धरले. "काकू, आता लेकीला सांगता येईल मला. शाळेत सगळे तिला म्हणतात, तुझे बाबा कामावर अपघातात गेले. अपघात कसला? कुणीतरी केलं ना ते!" ती रडली, मीही रडले. मग सहज बोलून गेले की गेल्या वर्षीच्या गॅरेजवाल्याचं नावही सोबत कोरतील.

तिने हात सोडले.

"तो? पण ते तर नुसतं भांडण होतं."

"अगं, तीही माणसं घाबरली होती. एकच माप लावायला नको का?"

"काकू, माझा भाऊ होता त्या जमावात." ती खाली बसली. "त्याने हात नाही उचलला. नुसता ओरडत होता. नंतर याच घरात येऊन जेवला तो. आणि माझे हे गेले तेव्हा मनोऱ्यावरचं प्रेत यानेच खाली उतरवलं. माझी लेक त्याच्याच मांडीवर झोपते आता. गॅरेजवाल्याचं नाव त्या भिंतीवर कोरलंत, तर भाऊ कोण झाला माझा?"

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"तुम्ही ठरवायला बसलात ना? मग सांगा. नवऱ्याचं मरण खरं धरायचं तर भाऊ दहशतवादी. भावाला वाचवायचं तर नवरा आपला असाच जळून मेला. काय करू?"

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं.

आत तिची लेक कुणाशी तरी खिदळत होती. मामाच असावा. ती तिकडे बघत राहिली, मग पदराने तोंड पुसलं. "माझा अर्ज मागे घ्या. भावावर तो डाग माझ्या अर्जामुळे लागायला नको. जिवंत आहे तेवढं तरी राहू दे मला."

"आणि गॅरेजवाल्याचं?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मी बाहेर पडले. म्हणजे जिच्यासाठी मी हे सगळं उकरून काढलं तिने पाठ फिरवली होती, आणि जो मला नको होता तो एकटा माझ्या गळ्यात उरला होता. घरी जावं, मास्तरांना सांगावं की अर्जच नाही, संपलं, असं शंभरदा मनात आलं. पण जुना अर्ज मीच उघडायला लावला होता, आणि गॅरेजवाल्याच्या आईला अजून कुणी काहीच विचारलं नव्हतं. मी पुलाकडे वळले. इतकी वर्षं या शहरात राहते, पण पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. पुलाच्या मध्यावर आले तेव्हा कळलं, पर्स छातीशी घट्ट धरून मीच घाबरत चालले होते.