वेळेअभावी

अध्यक्षमहाराज, तुम्ही चोर आहात. पैसे नाही खाल्लेत तुम्ही, आख्खी शर्यत खाल्लीत!

आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेचं ते शंभरावं वर्ष. मुलींची पाच हजार मीटर पहिल्यांदाच ठेवलेली. पत्रिकेत 'ऐतिहासिक' असं ठळक छापलं होतं. एवढी वर्षं काय झोपला होतात, हे विचारायचं नसतं.

माईकवर भूगोलाचे सर होते. आवाज असा, की गल्लीत त्यांना 'भोंगा' म्हणत. धावणाऱ्यांत त्यांची सख्खी पुतणी. कॉलेजचं शेवटचं वर्ष. ही संधी हुकली की हुकलीच. सरावात ती ढेपाळली की काका कठड्यावरून ओरडायचे, "अगं पळ! मागे कुत्रं लागलंय समज!" ती हसायची आणि पळायची.

सकाळी मुलांच्या शर्यती उरकल्या आणि सत्कारासाठी व्यासपीठ ठोकलं, तेही थेट धावपट्टीच्या वळणावर! सत्कार संपेचनात. माजी अध्यक्ष झाले, आजी अध्यक्ष झाले, अध्यक्षांचे व्याहीसुद्धा झाले. मग अध्यक्ष माईकवरच्या सरांच्या कानाला लागले, "मुलींची ती लांबलचक शर्यत गाळा. वेळेअभावी म्हणा. जरा गोड आवाजात."

सरांनी म्हटलं. गोड आवाजात.

बुटांच्या नाड्या तशाच सोडून पुतणी व्यासपीठाखाली आली.

"काका, मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय."

"अगं, वरून सांगितलं. माझ्या हातात काय आहे?"

"माईक," ती म्हणाली आणि पाठ फिरवून गेली.

बार काढून शर्यत सुरू करून देणारे म्हातारे पंच शेजारीच होते. "सर, व्याह्यांना पुष्पगुच्छ द्यायला वेळ होता ना? मग हा वेळ कुणाच्या खिशातून कापला? पोरींच्याच ना! वरून सांगितलं म्हणता, पण ऐकू आलं ते तुमच्याच तोंडून. आता बोलवा पोरींना. पिस्तूल माझ्याकडे आहे, बार मी काढतो."

सरांचा चेहरा पडला. मग त्यांनी माईक उचलला आणि भोंगा वाजला! "मघाची घोषणा खोटी होती! मुलींची शर्यत होणार! मान्यवरांनी धावपट्टीवरून उठावं!"

मान्यवर उठले नाहीत. बार उडाला. प्रत्येक फेरीला मुली व्यासपीठाला बाहेरून वळसा घालून धावल्या. "मागे कुत्रं लागलंय समज!" सर घसा फोडून ओरडले. पुतणी पळाली, पहिली आली; हसली मात्र नाही. तुटलेला विश्वास काही एका घोषणेनं सांधला जात नाही.

आणि समितीचा निकाल काय? शर्यत अमान्य. का? तर वळशामुळे अंतर जास्त भरलं!

वाचकहो, अन्यायाला स्वतःचा आवाज नसतो, तो आपला उसना घेतो. देऊ नका! वरून हुकूम येईल, पण तोंड आपलं आहे.

अध्यक्षमहाराज, आता तुम्ही बोला. मुली ठरल्यापेक्षा जास्त धावल्या, तर मग कमी कोण पडलं? धावपट्टीवर व्यासपीठ कुणी ठोकलं? उत्तर द्या. आणि वेळेअभावी म्हणू नका!