वरून पाहणारा

घंटावाल्याच्या विधवेने त्या सकाळी चर्चचं दार आतून लावलं आणि कडी एकदा ओढून पाहिली. नवे बिशप बंद दारावर काठीने ठोठावतात, आतला माणूस "कोण?" विचारतो, ते "तुमचा बिशप" म्हणतात, मग आत येऊन मनोऱ्यावर चढतात आणि स्वतःच्या हाताने घंटा वाजवतात. तशी इथली जुनी रीत. दाराचं काम नवऱ्यामागे तिच्याकडे आलं होतं.

नवरा त्याच मनोऱ्याच्या जिन्यावरून पडून मेला. पायऱ्या किडल्यात, हे फादरना सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता. फादर "बघतो" म्हणत. तो मेल्यावर मात्र त्यांनी सरळ हात झटकले: जिना ठणठणीत आहे, हाच पिऊन चढला होता. दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस! लोकांनी माना डोलावल्या. मेलेला थोडाच भांडायला येतो? पण ती जिवंत होती, आणि आज तेच फादर बिशप होऊन दाराशी उभे होते. नवा घंटावाला नेमायचंही त्यांनी "बघतो"वरच ठेवलेलं, त्यामुळे जिन्यावर पुन्हा कुणी पाय ठेवला नव्हता.

काठी वाजली. तिने "कोण?" विचारलं, उत्तर आलं.

"बिशप म्हणजे काय, फादर?"

हे रीतीत नव्हतं. पण भरल्या अंगणात विद्वत्ता दाखवायची संधी फादर सोडतात होय! मूळ ग्रीक शब्द एपिस्कोपोस, त्यांनी समजावलं. एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे पाहणारा. वरून देखरेख ठेवणारा. चर्चचा कारभार अशा बिशपांच्या हाती असतो, त्याला म्हणूनच एपिस्कोपसी म्हणतात.

तिने दार सताड उघडलं. बिशपांनी रीतीप्रमाणे चुंबनासाठी अंगठीचा हात पुढे केला. तिने त्यात मनोऱ्याची किल्ली ठेवली.

"चढा, फादर. जिना ठणठणीत आहे, तुम्हीच सगळ्यांना सांगितलंय. आणि तुम्ही काही प्यायलेले नाही."

मनोऱ्याचं दार उघडलं. बिशपांनी पहिल्या पायरीवर पाय टेकवला. लाकूड करकरलं, भुसा सांडला. त्यांनी वर पाहिलं, मागे जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

"आधी डागडुजी करून घेऊ," ते पुटपुटले.

"मोठ्याने सांगा. मागे ऐकू जात नाही."

"जिना धोक्याचा आहे."

"तेव्हा?"

"तेव्हाही होता."

तिच्या काळजाला थंडावा मिळाला, पण पुरता नाही.

"आता त्यांचं नाव घेऊन सांगा. ते प्यायले नव्हते म्हणून."

बिशपांनी नाव घेऊन सांगितलं. मग तिने त्यांच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि मनोऱ्याला कुलूप लावलं. उगाच कुणी पडायला नको.