अर्ध्या मिनिटाची जागा

स्टुडिओत त्याला सगळे स्टेपनीकाका म्हणत. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी; ज्या वाद्याचा वादक आजारी पडला, रुसला किंवा प्रवासात अडकला, त्याच्या खुर्चीत हा. एकतीस वर्षं तो इतकं बेमालूम वाजवत आला होता, की बदली कुणाच्या लक्षात येत नसे. रेकॉर्डवर नाव मूळ वादकाचंच.

आज पहिल्यांदाच जॅझच्या एका गाण्यात अर्ध्या मिनिटाची जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. नावही छापणार होते.

"कागद नाही. तुमचं काय ते वाजवा," संगीतकार बाई म्हणाली.

"माझं?"

"मग काय शेजाऱ्यांचं?"

त्याने सॅक्सोफोन उचलला. संपल्यावर काचेपलीकडे टाळ्या पडल्या. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकवलं, तेव्हा मात्र त्याने ओळखलं. ही लकेर त्याच्या ट्रम्पेटवाल्या मित्राची होती. सुरुवातीला रेंगाळणारी, शेवटी घाईने घरी निघाल्यासारखी. दोघं बोलावण्याची वाट पाहत बसले, की मित्र ती वाजवायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

"हे माझ्या मित्राचं आहे."

"कुठल्या रेकॉर्डवर?"

"कुठल्याच नाही."

"मग झालं तर! उगाच खुसपट काढू नका, काका."

तुकडा मोबाइलवर घेऊन तो बाहेर गेला आणि मित्राच्या बायकोला फोन लावून त्याने तो ऐकवला.

"वहिनी, ओळखा पाहू."

"तुम्हीच ना, भावजी? अजून किती गोड वाजवता!"

"आणखी काही आठवलं?"

"नाही बाई. मला मेलीला काय कळतंय त्यातलं! हे घरी आले, की ट्रम्पेटची पेटी उघडायचेच नाहीत."

आता विचारायला कोणी उरलं नव्हतं.

आत येऊन त्याने पुन्हा वाजवलं. बोट ओळखीच्या जागी गेलं, की तो ते काढून घेई. अर्ध्या मिनिटात जेमतेम अकरा सूर लागले, बाकी नुसती शांतता.

"पहिलं शंभर पटीने बरं," बाई म्हणाली.

"माहीत आहे. हे ठेवलंत तर माझं नाव छापा. ते ठेवलंत तर त्याचं."

"त्यांनी यात वाजवलंय तरी काय?"

"सगळं."

बाईने पहिलंच ठेवलं. त्याने मित्राचं नाव ठळक अक्षरांत लिहून दिलं, सॅक्सोफोन पुसला आणि पुढच्या गाण्याचा कागद मागितला.